पर्सनॅलिटी टेस्ट भरायची कशी, वाचायची कशी आणि कामावर तिचा उपयोग करायचा कसा

हल्ली कंपनीत नवा एचआर आला की पहिल्या महिन्यातच सगळ्यांच्या मोबाईलवर एक लिंक येते, शुक्रवारपर्यंत भरा म्हणून, आणि मग दोन दिवस कँटीनमध्ये तेच चालतं, तू कोण आलास, मी आयएनटीजे आलो, अरे तो बघ ईएसएफपी, आणि तिसऱ्या दिवशी सगळे विसरून आपापल्या कामाला लागतात. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत प्लॅनिंग बघतो, आणि माणसांची जी काही खटकाखटकी असते तीही फिरून फिरून माझ्याच टेबलावर येते, त्यामुळं या टेस्टा स्वतः भरायला पण लागतात आणि दुसऱ्यांकडनं भरून घ्यायला पण. एकट्यानं भरली, रिझल्ट वाचला, स्टेटसला लावला तर तो नुसता टाइमपास. पण तोच कागद घेऊन दोन माणसं समोरासमोर बसली तर वर्षानुवर्षांची कुरबुर कधी कधी अर्ध्या तासात सुटते. ते कसं करायचं तेवढं सांगतो.

आधी टेस्ट कुठली घ्यायची ते ठरवा, कारण नेटवर 'तुम्ही कुठला प्राणी आहात' पासून सगळं मिळतं. सगळ्यात गाजलेली ती चार अक्षरांची, एमबीटीआय, ते आयएनटीजे, ईएसएफपी हे तिचेच प्रकार. अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1921 साली मांडलेल्या कल्पनांवरनं ती बनवली, आणि दोघींपैकी एकीचंही शिक्षण मानसशास्त्रातलं नव्हतं. म्हणून ती टाकाऊ असं नाही, पण तिची खरी अडचण दुसरीच आहे, ती माणसाला दोनच खोल्यांत टाकते, माणसांत रमणारा एक्स्ट्रोव्हर्ट नाहीतर आपल्यातच रमणारा इंट्रोव्हर्ट, मध्ये उंबरठ्यावर कोणाला उभारूच देत नाही. प्रत्यक्षात बहुतेक माणसं मधलीच असतात. मग 51 टक्केवाल्याला एक अक्षर आणि 49 टक्केवाल्याला दुसरं अक्षर, दोघांत काडीचा फरक नाही पण कागदावर पार वेगळी माणसं. म्हणूनच महिन्या-दीड महिन्यानं परत भरली की बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलून येतं. गंमत म्हणजे ज्यांची ही टेस्ट आहे तेच सांगतात की नोकरीला घ्यायचं की नाही हे ठरवायला ती वापरू नका, आणि आपल्याकडं नेमकं तेच करायला निघालेले लोक भेटतात.

दुसरी डिस्क नावाची, लाल पिवळा हिरवा निळा अशा चार रंगांत माणसं वाटणारी, सेल्सच्या ट्रेनिंगमध्ये हमखास असते. तिच्या मागची थिअरी विल्यम मार्स्टन नावाच्या माणसानं 1928 मध्ये मांडली, टेस्ट नंतर दुसऱ्यांनी बनवली. हाच मार्स्टन पुढं वंडर वुमन या कॉमिकचा जन्मदाता, त्यामुळं त्याची कल्पनाशक्ती दांडगी होती यात शंका नाही. एका दुपारच्या ट्रेनिंगपुरती डिस्क ठीक आहे, त्याच्यावर मोठे निर्णय घेऊ नका.

मी सांगीन बिग फाइव्ह घ्या. मानसशास्त्राचे अभ्यासक जास्त करून हीच वापरतात. हिच्यात खोल्या नाहीत, पाच पट्ट्या आहेत आणि प्रत्येक पट्टीवर तुम्ही कुठं बसता एवढंच सांगितलं जातं. आयपीआयपी-निओ नावानं शोधा, 120 प्रश्नांची छोटी आहे आणि 300 ची मोठी, दोन्ही फुकट, जॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं लोकांसाठी खुली ठेवलेली. पहिल्यांदा छोटीच भरा, 300 प्रश्न म्हणजे दोनशेच्या पुढं माणूस डोळे मिटून टिचक्या मारत सुटतो. प्रश्न इंग्रजीत आहेत, अडत असेल तर घरातलं कॉलेजचं पोरगं शेजारी घेऊन बसा, फक्त उत्तर त्याला देऊ देऊ नका, त्याचं तुमच्याबद्दल वेगळंच मत असतं.

पाच पट्ट्यांची नावं अवघड वाटतात पण माणसं ओळखीचीच आहेत. ओपननेस म्हणजे नवीन गोष्टीची ओढ. ज्याचा वर तो नवं सॉफ्टवेअर आलं की जेवण सोडून बसतो, ज्याचा खाली तो म्हणतो जुन्या रजिस्टरला काय झालंय. कॉन्शिअन्शसनेस म्हणजे शिस्त, शब्द पाळणं, हातातलं काम कडेला नेणं. एक्स्ट्राव्हर्जन तर सगळ्यांना माहितीच आहे. उरलेल्या दोन पट्ट्यांवर जरा थांबतो कारण तिथंच सगळा घोळ होतो.

अ‍ॅग्रीएबलनेस, म्हणजे दुसऱ्याला सांभाळून घ्यायची वृत्ती. ही कमी आली की लोकांचं तोंड पडतं, म्हणजे मी काय वाईट माणूस आहे का? नाही हो. क्वालिटीला बसवायला मला असलाच माणूस पाहिजे, ब्लो होल म्हणजे कास्टिंगमध्ये हवेची पोकळी दिसली की पार्ट बाजूला, समोर मालक असू दे नाहीतर मालकाचा मेव्हणा. उलट ज्याची ही पट्टी एकदम वर तो लय गोड माणूस असतो, पण प्रत्येकाला हो म्हणून म्हणून शेवटी स्वतः रात्री नऊपर्यंत बसतो आणि मनात धुमसत राहतो. आणि न्यूरॉटिसिझम, हे नावच बेकार आहे, ऐकून वाटतं डॉक्टरकडं न्यावं लागतंय. त्याचा अर्थ एवढाच की काळजी, चिडचिड, ताण तुम्हाला किती लवकर आणि किती जोरात लागतो. वर असेल तर झोपेचा त्रास होतो हे खरं, पण ओला स्क्रॅप चार्जिंगला, म्हणजे भट्टीत टाकायला, निघालाय हे सगळ्यात आधी ज्याच्या पोटात गोळा येऊन कळतं तो हाच माणूस असतो, आणि वितळलेल्या लोखंडात पाणी गेलं की कसा स्फोट होतो हे आमच्या फौंड्र्यांच्या उद्यमनगरात कोणाला सांगायची गरज नाही.

आता भरायची कशी. शिफ्ट सुटल्यावर थकून भरू नका, साहेबाशी वाजलं त्या दिवशी तर नकोच. 'मी व्यवस्थित काम करतो' असा प्रश्न आला की मनात येतं, व्हय की, करतोच. थांबा. गेल्या वर्षभरात प्रत्यक्षात काय झालं ते आठवा, टॅक्सची कागदं कधी दिली, गाडीचा इन्शुरन्स वेळेत भरला का, लोकांना फोन परत केले का, त्याच्यावरनं टिचकी मारा. घरचे तुम्ही आणि कामावरचे तुम्ही वेगळे असाल तर आधीच ठरवा की कामावरचा मी भरतोय आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. काही प्रश्न मुद्दाम उलटे घातलेले असतात, आधी 'मी वेळेवर सुरुवात करतो' आणि पाच-पंचवीस प्रश्नांनी 'मी कामं पुढं ढकलतो', ते तुम्हाला पकडायला नसतात, सगळ्यालाच हो म्हणत सुटणाऱ्या माणसाचा हिशेब सरळ करायला असतात. आणि 'सांगता येत नाही' वाला मधला पर्याय कमीत कमी वापरा, नाहीतर रिझल्ट पण सांगता येत नाही असाच येतो.

अजून एक भानगड आहे जी फार कमी जण सांगतात. 'मी बडबड्या आहे' याला तुम्ही हो-नाही म्हणता ते कोणाच्या तुलनेत? आपल्या आजूबाजूच्या. आता पेठेत वाढलेला, तालमीच्या कट्ट्यावर बसणारा माणूस स्वतःला शांत समजतो कारण बाकीचे त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलणारे, तोच माणूस पुण्याच्या ऑफिसात गेला की तिथले म्हणतात हा किती बोलतो. आपल्याकडची मिडियम तिखट मिसळ बाहेरच्याच्या डोळ्यातनं पाणी काढते तसलंच हे, बोर्डावर मिडियम लिहिलंय पण मिडियम कोणाचं? त्यामुळं वेगवेगळ्या गावातल्या, वेगवेगळ्या खात्यातल्या माणसांचे आकडे शेजारी ठेवून हा जास्त तो कमी असं छातीठोक सांगू नका.

रिझल्ट आला की पहिलं आकडा समजून घ्या. 72 म्हणजे शंभरपैकी 72 मार्क नव्हेत, शंभर माणसं ओळीनं उभी केली तर साधारण 72 जण तुमच्या खालच्या बाजूला. आणि ती शंभर माणसं बहुतेक अमेरिकेतली, इंग्रजीत टेस्ट भरणारी, आपल्या कोल्हापूरकडच्या गांधीनगर किंवा कागलची नव्हेत. म्हणून 55 आणि 62 मध्ये अर्थ शोधत बसू नका, 35 ते 65 मध्ये असाल तर चारचौघांसारखे असं समजा आणि पुढं चला. टोकाचं काय आहे ते बघा. आणि प्रत्येक पट्टीच्या खाली सहा पोटभाग असतात, एकूण तीस, खरी मजा तिथं आहे. आमच्या इथं एकाचा कॉन्शिअन्शसनेस मधलाच आला होता, काही विशेष नाही असं वाटून पान उलटणार तेवढ्यात खाली बघितलं तर नीटनेटकेपणा तळाला आणि जबाबदारी एकदम वर. त्याचं टेबल बघाल तर चलनं, चहाचे कप, गेल्या दिवाळीचं मिठाईचं खोकं सगळं एका ढिगात, पण त्यानं दिलेली तारीख कधी चुकत नाही. आधीचे साहेब त्याला टेबलावरनंच बोलायचे.

मग खालचं वर्णन वाचा आणि पेन हातात घ्या. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या शिक्षकानं 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली, प्रत्येकाला त्याचा म्हणून रिझल्ट दिला आणि विचारलं, पाचपैकी किती बरोबर आहे. सरासरी आली 4.26. नंतर कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातनं उचललेली. 'तुम्ही बाहेरनं कडक पण आतनं हळवे आहात', 'तुमच्यात अजून न वापरलेली ताकद आहे', हे कोणाला लागू पडत नाही सांगा. म्हणून प्रत्येक वाक्याला विचारायचं, हेच माझ्या मेव्हण्याला वाचून दाखवलं तर तो पण मान डोलवेल का? डोलवेल असं वाटलं की खोडा. चार पानांतली पाच-सहा वाक्यं उरतील, ती तुमची.

इथपर्यंत सगळं तुम्हीच तुमच्याबद्दल सांगितलेलं आहे, टेस्टनं फक्त बेरीज केली. म्हणून पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक नेमकी तीच टाळतात. तीच टेस्ट तुमच्याबद्दल दुसऱ्याला भरायला सांगा. रोज तुमच्याबरोबर काम करणारे दोघं निवडा, एक जवळचा आणि एक ज्याच्याशी जेवढ्यास तेवढं. हाताखालचा माणूस नको, तो बिचारा चांगलंच लिहिणार. सिमिन व्हझीर या संशोधक बाईंनी 2010 मध्ये हे नीट तपासून दाखवलं की आतली काळजी, अस्वस्थता हे स्वतःला जास्त कळतं, पण हुशारी, कल्पकता असल्या ज्या गोष्टींत आपला मान गुंतलेला असतो तिथं मित्र जास्त बरोबर सांगतात, आणि बडबड्या की गप्प हे तर दोघांनाही कळतं. म्हणजे तुम्ही लिहिलं काळजी जास्त आणि मित्रानं लिहिलं कमी, तर तुमचं धरा, तुम्ही लपवता एवढंच. पण तुम्ही लिहिलं मला लय नवीन सुचतं आणि दोघांनीही लिहिलं नाही, तर गप्प बसून एक दिवस विचार करा. त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं लिहिणार नाही.

आता कामावरचा उपयोग. आमच्याकडं डिस्पॅचचा एक गडी आणि क्वालिटीच्या एक मॅडम यांचं कधी जमलं नाही. गाडी गेटवर, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि मॅडम गेज घेऊन शांतपणे पुढच्या कास्टिंगला हात घालतायत. तो म्हणायचा मुद्दाम करतात, त्या म्हणायच्या ह्याला माल कसा का असेना, गाडी हलली पाहिजे. दोघांनी टेस्ट भरली, कागद टेबलावर ठेवले. त्याचं एक्स्ट्राव्हर्जन वर, त्यातला धावपळीचा पोटभाग तर एकदम टोकाला. मॅडमचा कॉन्शिअन्शसनेस वर, अ‍ॅग्रीएबलनेस खाली. बाकी दोघांचंही मधलंच. मी आकड्यांवर काही बोललो नाही, एवढंच विचारलं की समोरच्यानं नेमकं काय केलं की तुमचं डोकं फिरतं. मॅडम म्हणाल्या, "हे मागं येऊन उभारतात, बोलत राहतात, माझं मोजमाप चुकतं आणि मग मी परत पहिल्यापासून सुरू करते." तो बघतच राहिला. म्हणाला, "मॅडम, एवढंच हुतं तर सांगायचं की! मला वाटायचं मी उभारलो की काम पळतंय."

ठरलं काय, तर गाडीची वेळ सकाळी दहाच्या आत लिहून द्यायची, तपासणी चालू असताना जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या आत यायचं नाही, आणि निम्मा लॉट झाला की मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक अंगठा टाकायचा. स्वभाव दोघांचाही तसाच आहे, तो अजून हॉर्नसारखाच बोलतो, पण भांडण बंद झालं. तुम्ही बसाल तेव्हा हेच धरून बसा. आकड्यावरनं स्वभावाची चर्चा करायची नाही, आकड्यावरनं एका वागण्यावर यायचं आणि त्या वागण्यावरनं एखादी साधी व्यवस्था ठरवायची जी उद्यापासून करता येईल. 'तू जरा समजूतदार हो' ही व्यवस्था नव्हे. 'रेट बदलला की फोन कर, मेसेज टाकू नको' ही व्यवस्था. मीटिंगमध्ये गप्प बसणारा असेल तर विषय आदल्या दिवशी पाठवा आणि त्याचं म्हणणं लिहून मागा, बोलणारे चौघं सुरू झाले की तो तोंड उघडणारच नाही आणि मग जिन्यात तुम्हाला सांगेल की हे मला आधीच माहिती होतं.

दोन गोष्टी अजिबात चालू देऊ नका. एक, 'मी असाच आहे, माझ्या टेस्टमध्येच आलंय', ही पळवाट. ढकलाढकली करणाऱ्यानं कमी कॉन्शिअन्शसनेसचं सर्टिफिकेट दाखवलं म्हणून बिल उशिरा गेलेलं चालत नाही. दुसरं, दुसऱ्याला लेबल लावणं, 'तो इंट्रोव्हर्ट आहे, त्याला कस्टमरकडं पाठवू नका'. त्याला विचारलं का कोणी?

ऑफिसच्या बाहेरही हे चालतं. गणपती मंडळात वर्षानुवर्षं टेस्टशिवाय हेच चालत आलंय, वर्गणी मागायला ज्याला लाज वाटत नाही तो पुढं, पावती पुस्तकाचा नंबर न् नंबर जुळवल्याशिवाय ज्याला झोप लागत नाही तो खजिनदार, आणि मिरवणुकीत शेजारच्या मंडळाशी वाजायला लागलं की दोघांच्या खांद्यावर हात टाकणारा एक जुना कार्यकर्ता असतोच. मेरेडिथ बेल्बिन नावाच्या इंग्रज संशोधकानं 1981 मध्ये टीममधल्या भूमिकांचं जे मांडलं ते साधारण ह्याच वाटेनं जातं, सगळे हुशार एकाच प्रकारचे गोळा केले की टीम चालत नाही. खजिनदारासारखे सहा असले की हिशेब चोख, पण मंडप उभा राहायचा नाही.

नोकरभरतीसाठी वापरायची असेल तर हात आखडता घ्या. बॅरिक आणि माउंट या दोघांनी 1991 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून दाखवलं की कॉन्शिअन्शसनेसचा संबंध जवळजवळ सगळ्याच प्रकारच्या कामांत चांगल्या कामगिरीशी लागतो, पण तो संबंध माफक आहे, त्याच्यावरनं एखाद्याला नाही म्हणावं एवढा पक्का नाही. शिवाय नोकरी पाहिजे असलेला माणूस 'मी वेळेवर येतो' ला नाही म्हणेल का राव? त्यापेक्षा मोल्डरला साचा करायला लावा, अकाउंटंटला एक खरं बँक स्टेटमेंट जुळवायला द्या, दोन तासात कळतं. आर्मीचे अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीचं बघा, आपल्या भागातनं कितीतरी पोरं देतात. तिथं 60 शब्द दाखवतात, प्रत्येकाला 15 सेकंद, चित्रांवरनं गोष्टी लिहायला लावतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत, मैदानावर ग्रुपमध्ये काम करून घेतात, मुलाखत वेगळी, आणि सगळं एकमेकांशी ताडून बघतात. गोष्टी पाठ करून गेलेलं पोरगं मैदानावर दुसऱ्याला दोरी धरायला देत नसेल तर ते दिसतंच.

'स्वभावाला औषध नाही' असं आपल्याकडं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये लांब मुदतीचे अभ्यास तपासले तर वय वाढेल तशी शिस्त वाढते आणि ताण सोसायची ताकद पण वाढते असं आलं, खास करून विशीपासून चाळिशीपर्यंत. म्हणून कॉलेजातला रिझल्ट पस्तिशीत घेऊन फिरू नका. काम बदललं, सुपरवायझर झालात, की परत भरा. दर महिन्याला भरायची मात्र गरज नाही, तेवढ्यात मूड बदलतो, माणूस नाही.

न्यूरॉटिसिझम खूप वर आला आणि सोबत महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर ते या टेस्टचं काम नव्हे. सरळ डॉक्टरकडं जा, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

शेवटचं, लिंकवर टिचकी मारायच्या आधी बघा की ती मागतेय काय. 2014 च्या सुमाराला फेसबुकवर असलीच एक पर्सनॅलिटी क्विझ फिरली होती, भरली काही लाखांनी, पण त्यांच्या मित्रयादीतल्यांची माहितीही गेली आणि फेसबुकनंच नंतर आकडा दिला 8 कोटी 70 लाखांपर्यंत, ती माहिती निवडणुकीच्या प्रचाराला वापरणाऱ्या कंपनीच्या नावाचं तेच केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण. म्हणून रिझल्टच्या आधी मोबाईल नंबर, काँटॅक्ट लिस्ट, फेसबुक लॉगिन मागणारी टेस्ट असेल तर बंद करा. आणि कंपनीत भरून घेत असाल तर भरायच्या आधीच सगळ्यांना सांगा की कागद कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि इन्क्रिमेंटच्या वेळी काढणार की नाही. आमच्याकडं कागद ज्याचा त्याच्याच घरी जातो, माझ्याकडं फक्त त्या ठरलेल्या दोन-तीन ओळी राहतात, पिवळी पट्टी आणि अंगठ्याच्या.